गावच्या बागेसाठी १५ लाख मिळतायत, पण मागायचं काय?

संथ_वाहे
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातलं नदीकाठचं गाव, वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. नाव मुद्दाम लिहीत नाही, अर्धं गाव इथंच वाचतं.

परवा सरपंचांनी बोलावून सांगितलं की आमदार फंडातून 'बालोद्यान व खुली व्यायामशाळा' या नावाखाली १५ लाखांपर्यंतचं काम बसेल, ठराव तेवढा लवकर द्या. जागा दोन आहेत. एक गावठाणात, मराठी शाळेला लागून, वीस गुंठे, काळी जमीन. दुसरी घाटाच्या वाटेवर, पहिलीपेक्षा मोठी, चिंच-करंजाची जुनी झाडं, पण २०१९ ला तिथं पुरुषभर पाणी होतं.

मी सदस्य वगैरे नाही. बँकेतून निवृत्त होऊन गावी आलोय आणि अर्ज बरा लिहितो, एवढ्याच गुन्ह्यासाठी मला कमिटीत घेतलंय. ठेकेदाराचा माणूस रंगीत पुस्तक दाखवून गेला. त्यात घसरगुंडी, झोपाळे, व्यायामाची आठ यंत्रं, कारंजं आणि सिमेंटचा एक जिराफ आहे.

तुमच्या गावात किंवा कॉलनीत असं काम झालं असेल, तर पाच वर्षांनी त्यातलं काय उरलंय? ते कळलं की काय मागायचं ते ठरवता येईल. ग्रामसभा २६ जानेवारीला आहे.

भडंगवाला
जिराफ उरतो. बाकीचं सगळं जातं.

येरळाकाठ
अनुमोदन. आमच्याकडं हरीण होतं. शिंगं गेली, आता पोरं त्याला शेळी म्हणतात. पण आहे.

कंदी_पेढा
साताऱ्याच्या एका कॉलनीचा अनुभव सांगतो. चूक आमचीच होती, त्यामुळं कुणाचं नाव घ्यायचा प्रश्नच नाही.

प्लॉटिंग पडलं तेव्हाची ओपन स्पेस होती, त्यात गाजरगवत. आम्ही पाच-सहा जणांनी पाठपुरावा करून व्यायामाची यंत्रं बसवून घेतली. उद्घाटनाला पेढे, फेटे, फोटो. पहिले तीन महिने रांगा लागायच्या. कंबर फिरवायच्या चकतीवर तर बायका नंबर लावून उभ्या. मग पाऊस आला. बेअरिंग कुरकुरायला लागलं. चालायच्या यंत्राचा एक पाय अडकला, दुसरा मोकळा. ते कोणी दुरुस्त करायचं यावर कॉलनीच्या ग्रुपवर दीड वर्ष चर्चा चालली. सोसायटी म्हणते यंत्रं सरकारी आहेत, सरकारी माणूस म्हणतो जागा तुमची. शेवटी एका रिक्षावाल्या काकांनी येऊन ग्रीस भरलं. खर्च किती? ऐंशी रुपये! ऐंशी रुपयांसाठी दीड वर्ष.

तेव्हा संथ_वाहे, यंत्रं आठ घ्या नाहीतर अठरा, ग्रीस भरणारा माणूस कोण ते आधी ठरावात लिहा.

भडंगवाला
त्या रिक्षावाल्या काकांनाच आमदार करा.

मोजमाप_पुस्तिका
तीस वर्षं शाखा अभियंता म्हणून काढली, त्यातली बरीच या जिल्ह्यात. थोडं कोरडं लिहितो, सांभाळून घ्या.

आमदारांना वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. खासदारांनाही ५ कोटी, पण त्यांचा मतदारसंघ सहा आमदारांएवढा. हा पैसा टिकाऊ मालमत्ता उभी करायला आहे. रंग, ग्रीस, माळी, वीजबिल असला खर्च त्यात सहसा बसत नाही. उलट काम मंजूर होण्याआधी 'देखभाल आम्ही करू' असा ठराव ग्रामपंचायतीकडून घेतात. तो ठराव कोणी वाचत नाही. वाचायला पाहिजे, कारण पुढच्या वीस वर्षांचा खर्च तुम्ही त्या एका ओळीत कबूल करता.

आता तो खर्च आणायचा कुठून? पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) हिशेबात ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, उरलेला पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला १०-१० टक्के. पण त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. अबंधित ४० टक्क्यांत बाग बसू शकते, पण त्यातून पगार देता येत नाही. म्हणजे माळ्याचा पगार फिरून ग्रामपंचायतीच्या स्वनिधीवर येतो, आणि स्वनिधी म्हणजे घरपट्टी. घरपट्टीची वसुली किती टक्के आहे ते ग्रामसेवकांना विचारा. आकडा ऐकला की कारंजं आपोआप रद्द होतं.

दुसरं, जागेचा उतारा काढा. सातबारा किंवा मिळकत पत्रक ग्रामपंचायतीच्या किंवा शासनाच्या नावावर पाहिजे. 'पिढ्यान्‌पिढ्या गावाचीच आहे' हे तोंडी चालत नाही. गायरान असेल तर आणखी सावध राहा, १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयानं त्यावर कडक बंधनं घातलीत.

उसाचा_फड
आवं पण खेड्यात बाग कशाला पायजे मी म्हंतो? घराच्या भाईर पडलं की सगळा हिरवागार शिवारच हाय. ह्या १५ लाखात दोन पाणंदीचं मुरमीकरण हुतंय. पावसाळ्यात ऊस भाईर काढताना ट्रॅक्टर रुतून बसत्यात, त्ये बगा आधी. बाग ही शेरातल्या लोकांची हौस.

येरळाकाठ
फडदादांशी सहमत. शिवाय नाव 'बालोद्यान' आणि बसणार कोण? पानाची पिंक टाकणारे सत्तर वर्षांचे बाळ.

माहेर_तासगाव
उसाचा_फड दादा, रागावू नका, पण शिवार तुमच्यासाठी मोकळं आहे. आमच्यासाठी नाही.

डॉक्टरांनी साखरेमुळं रोज पाऊण तास चालायला सांगितलंय. घरचं आवरून जमतं ते पहाटे पाचला. आम्ही सात-आठ जणी डांबरीनं चालतो. कारखान्याचा सीझन सुरू झाला की त्याच रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि वर गाणी एवढ्या मोठ्यानं की हॉर्न दिला तरी त्याला ऐकू जात नाही. गेल्या साली आमच्यातली एक रस्ता सोडून चारीत पडली, हात मोडला. उसातल्या पाणंदीनं का चालत नाही ते सांगायला नको. आधी कुत्री म्हणायचो, आता बिबट्या म्हणतो.

मला जिराफ नको. एक गोल वाट द्या, मुरमाची चालेल. दिवे द्या. आणि कडेला एक संडास-मुतारी द्या, जिची किल्ली कोणा पुढाऱ्याच्या घरी नसेल. बाके कमी टाकली तरी चालतील, कारण जिथं बाक तिथं पत्त्यांचा डाव, आणि जिथं डाव तिथं आम्ही फिरकत नाही.

अजून एक. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. आमच्याकडं त्यातून वर्षानुवर्षं शिलाई मशीन आणि हळदीकुंकवाचे स्टीलचे डबे. दिव्याचं बिल त्यातून भरता येईल का, हे मोजमाप_पुस्तिका काकांनी सांगावं.

मोजमाप_पुस्तिका
ताई, प्रश्न बरोबर जागी लागला. थेट 'वीजबिल' असं शीर्ष टाकलंत तर लेखापरीक्षणात आक्षेप येऊ शकतो. महिला व मुलांसाठीची सुविधा म्हणून मांडणी केली तर बोलता येतं. ग्रामसेवक आणि विस्तार अधिकारी यांच्याशी आधी बोलून घ्या, मग ठराव. अपंगांसाठी ५ टक्के राखीव असतात, त्यातून रॅम्प आणि हाताला धरायचा कठडा नक्की होतो, आणि तो कोणीच मागत नाही.

उसाचा_फड
ताई, बिबट्याचं खरं हाय. परवाच आमच्या फडात बछडी घावली. बरं, दिवं घ्या. पण सोलरचं घेऊ नगा. आमच्याकडं आठ लावलं, सा म्हैन्यात सगळ्याच्या बॅटऱ्या गेल्या. खांब तेवढं हाईत, त्येला वैरणीचं वाळवण बांधत्यात.

लाल_माती
मी वेगळाच सूर लावतो. खुल्या व्यायामशाळेतल्या यंत्रांनी अंगाला काय होतं? वजन आपलंच, आणि तेही अर्धं यंत्र उचलतं. म्हाताऱ्यांचे सांधे हलतात इतकंच. गावात तालीम आहे का ते संथ_वाहेंनी लिहिलं नाही. असणार. पत्रे गळत असणार आणि आत निवडणुकीचे बोर्ड ठेवलेले असणार. पैसे तिथं घाला.

हौद साफ करा, ट्रकभर तांबडी माती आणा, चाळा. त्यात ताक, तेल, हळद, कापूर, लिंबं. हळद तर आपल्या सांगलीचीच, २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालेली. माती मळायला पोरंच येतील, ठेकेदार लागत नाही. (म्हणूनच कोणी सुचवत नाही.)

खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तर गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक या पैशांवर आलं. बाग बघून पैलवान होत नाही.

माहेर_तासगाव
आणि तालमीत मुलींना कधी घेणार, भाऊ?

लाल_माती
ताई, आमच्या तालमीत सकाळी सहा ते सात मुली असतात. गेली चार वर्षं. आधी म्हाताऱ्यांनी कटकट केली, मग त्यांच्याच नाती यायला लागल्या.

कंदी_पेढा
आता मैदानावर विषय आलाच आहे तर आमच्या जिल्ह्याची जाहिरात करून घेतो. माणच्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली, दहावी आली. अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा वय १७. या मुली जिराफाच्या बागेत खेळून मोठ्या झाल्या नाहीत. मोकळी जागा आणि शिकवणारा माणूस, इतकंच भांडवल होतं.

येरळाकाठ
साताऱ्याच्या लोकांना कुठल्याही धाग्यावर सातारा आणायचा असतोच. विजय हजारे सांगलीचे, १९१५ चा जन्म. भारतानं पहिली कसोटी जिंकली तेव्हाचा कप्तान. नोंद घ्यावी.

कंदी_पेढा
घेतली. पेढा पाठवतो.

भडंगवाला
भडंगाबरोबर पेढा चालतो. धागा चालू राहू द्या.

मुक्काम_डॅलस
मूळ गाव मिरज तालुका. इकडे अमेरिकेत लहान गावांत बागेसाठी पैसे लागले की लोकांना मतदान करायला लावतात: घरपट्टी इतकी वाढेल, त्यातून हे-हे होईल, हो की नाही. काही ठिकाणी बागांसाठी वेगळं मंडळ असतं, त्याचा कर वेगळा. दरवर्षी हिशेब छापून घरी येतो. कर वाढायला नको म्हणून लोक प्रस्ताव हाणूनही पाडतात, आणि मग बाग होत नाही. पण झाली तर तिच्या देखभालीचा पैसा त्याच मतदानात आलेला असतो. आपल्याकडे ग्रामसभेत असं का होऊ नये?

येरळाकाठ
कारण घरपट्टी दहा रुपयांनी वाढवतो म्हणालेला सरपंच दुसऱ्या दिवशी माजी सरपंच असतो.

मोजमाप_पुस्तिका
हसण्यावारी नेऊ नका. अधिकार आपल्याकडंही कागदावर आहे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनं बरीच कामं स्थानिक संस्थांकडं गेली. शहरांच्या बाराव्या अनुसूचीत तर उद्यानं आणि क्रीडांगणं असं स्पष्ट लिहिलंय. काम दिलं, त्यामानानं पैसा दिला नाही. त्यामुळं गाव आमदाराच्या दारात उभं राहतं, आमदार देतात ते फीत कापता येईल असं देतात. ग्रीसची फीत कापता येत नाही.

डॅलसवाल्यांनी सांगितलेलं 'हे-हे होईल' मात्र करता येतं. घरपट्टी नको, स्वेच्छेनं घरटी वर्गणी. खाली तीन माणसांच्या सह्या आणि गणपतीत हिशेबाचा फलक. गणपतीची वर्गणी देणारं गाव हे देत नाही असं नाही.

पूररेषा
उशिरा आलो. संथ_वाहे, घाटाच्या वाटेवरच्या जागेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

नदीकाठी दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, पण बाग, मैदान असा मोकळा वापर चालतो. म्हणजे तुमची ती जागा मैदानासाठी मुळात योग्यच आहे, फक्त तिथं काही बांधायचं नाही. गाव बरोबर उलट करतं: नदीकाठी रबरी फरशी, कारंजं, गजेबो, आणि गावठाणातल्या उंच जागेवर मोबाइलची दुकानं.

२०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. २००५ झालं, २०१९ झालं, २०२१ झालं. म्हणजे पूर येणारच हे धरून चाला. आमच्या गावात त्या रबरी फरश्या पाण्यावर तरंगत निघाल्या आणि उसाच्या सऱ्यांत जाऊन बसल्या. तोडकऱ्यांना दोन सीझन सापडत होत्या. फायबरची घसरगुंडी शेजारच्या गावात सापडली. त्यांनी परत दिली नाही, लावून टाकली. अजून आहे. पाच वर्षांनी काय उरतं विचारलंत ना, ती उरलीय. फक्त पत्ता बदललाय.

पुरानंतर पाणी जातं, गाळ राहतो. फूट-दीड फूट. तो काढायला जेसीबी आणि डिझेल लागतं आणि ते कुठल्याच अंदाजपत्रकात नसतं. मोकळ्या मैदानावरचा गाळ शेतकरी हौसेनं उचलून नेतात. पेव्हर ब्लॉकच्या फटीतला कोणी नेत नाही.

उसाचा_फड
ती घसरगुंडी आमच्याच गावात हाय. पोरं खुश हाईत. आता मागू नगा.

पूररेषा
😀 मिळाली! भाऊ, नवीन पाठवून देऊ, ती आमची द्या.

संथ_वाहे
सगळ्यांचे आभार. दोन दिवस सगळं वाचून काढलं, आमच्या बैठकीतही वाचून दाखवलं (फडदादांच्या घसरगुंडीला टाळ्या पडल्या).

तालीम आहे, लाल_माती. पत्रे गळतात आणि आत बोर्ड आहेत. कसं ओळखलंत?

दोन अडचणी आहेत. शाळेजवळच्या जागेत काळी माती आहे. पावसात मूल उतरलं की चप्पल आत राहते आणि मूल बाहेर येतं. त्यावर चालायची वाट टिकेल का? आणि निधीचं नाव 'बालोद्यान व खुली व्यायामशाळा' आहे, मग त्यात चालायची वाट आणि स्वच्छतागृह घालता येतं का?

मोजमाप_पुस्तिका
काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर थेट पेव्हर बसवले तर दुसऱ्या वर्षी जमिनीला लाटा. वाटेपुरती दीड फूट माती काढा, खाली जाड मुरूम, वर बारीक मुरूम, थराथरानं पाणी मारून रोलर. मध्ये किंचित उंच, दोन्ही कडांना चर. चराचा उतार कुठं जातो ते आधी बघा, शाळेच्या व्हरांड्यात नको. काढलेली काळी माती फेकू नका, कोणीही शेतकरी नेईल, त्या बदल्यात ट्रॅक्टर-ट्रॉली फुकट मागा.

नावाचं म्हणाल तर मंजुरीच्या आधी बदलून घ्या. 'मौजे अमुक येथे क्रीडांगण विकास, चालण्याचा मार्ग व स्वच्छतागृह' अशी शिफारस मागा. प्रशासकीय मान्यता निघाली की नाव दगडावर कोरल्यासारखं होतं, मग मुतारी हवी असली तरी जिराफच घ्यावा लागतो. तालमीसाठी वेगळं मागा: जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास अशा अनुदानाच्या योजना असतात. एकाच पिशवीत सगळं कोंबू नका.

आणि करारात दोष दायित्व कालावधी किती आहे ते बघा. त्या काळात मोडलं तर ठेकेदारानं स्वखर्चानं करायचं असतं. बहुतेक गावांना हे माहीतच नसतं, ती वर्गणी काढून दुरुस्ती करतात.

कंदी_पेढा
हे दोष दायित्व आम्हाला ठाऊक असतं तर माझे ऐंशी रुपये वाचले असते.

भडंगवाला
रिक्षावाल्या काकांचे. तुमचे नव्हे.

संथ_वाहे
ग्रामसभा झाली. कोरम दुसऱ्यांदा बोलावल्यावर भरला, तोही शेजारच्या लग्नाची पंगत उठल्यावर.

झालं ते असं. शाळेजवळ मुरमाची वाट, दिवे आणि स्वच्छतागृह यांचा ठराव झाला. किल्ली अंगणवाडीताईंकडं. बायका इतक्या संख्येनं ग्रामसभेला मी पहिल्यांदाच पाहिल्या, आणि माहेर_तासगाव, तुमचं ट्रॉलीचं म्हणणं मी तुमचं म्हणून न सांगताच एका वहिनींनी जवळजवळ शब्दशः मांडलं. घाटाकडची जागा मोकळं मैदान म्हणून ठेवायची, तिथं फक्त दोन गोलपोस्ट आणि खो-खोचे खांब, तेही काढता येतील असे. तालमीचा अर्ज वेगळा.

वर्गणीवर मात्र भांडण झालं. एक गट म्हणाला सरकारी बागेला आम्ही का पैसे द्यायचे. पाणंदवाला गट म्हणाला आधी पाणंद. शेवटी घरटी वर्षाला शंभर रुपये, ऐच्छिक, असं ठरलं. पहिल्या दिवशी एकेचाळीस घरं. साडेतीन हजार वस्तीत एकेचाळीस.

आणि हो. सरपंचांनी शेवटी हळूच विचारलं, एक जिराफ बसेल का कुठंतरी. त्यांच्या नातवाला शब्द दिलाय.

माहेर_तासगाव
एकेचाळीस कमी नाहीत हो. दिवे लागले की कळवा. आणि दिवे पाच वाजता चालू असतात की सात वाजता, तेही.

लाल_माती
तालमीचा उतारा काढला का? बऱ्याच तालमी कुणाच्यातरी आजोबांच्या नावावर निघतात.

संथ_वाहे
काढला. आजोबांच्याच नावावर आहे. माझ्याच.

भडंगवाला
घ्या!

उसाचा_फड
जिराफ आमच्याकडं पाठवा. घसरगुंडीच्या शेजारी जागा हाय.